हवेत टांगलेला लोड

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याने आधी स्वतःचं डोकं तपासून घ्यावं. पण बंदरावरच्या चार नंबरच्या क्रेनवर एक माणूस होता, तो दहा मजले उंचावरून हुकाने काड्यापेटी मिटायचा. अर्धवट उघडी काड्यापेटी खाली धक्क्यावर ठेवायची. वरून हुक असा अलगद यायचा, की पेटीचा खण आपसूक आत सरकायचा आणि काडी एक सांडायची नाही. एकदा म्हणे हुक जरा घासला, काडी पेटली, तर शेजारी उभ्या असलेल्या मुकादमाची सिगारेट त्याने तशीच वरच्या वर शिलगावून दिली. मुकादमाच्या मिशीचा एक केस त्यात जळला. त्याबद्दल त्याला अजून वाईट वाटतं.

हे सारं तो स्वतःच सांगायचा, हे काय वेगळं सांगायला हवं! थाप मारावी तर ती लोणकढी, अशी त्याची रीत, म्हणून बंदरावर त्याला लोणकढे म्हणत. नवी माणसं ते आडनावच समजायची. त्याच्या बायकोलाही आपोआप लोणकढेवहिनी नाव पडलं, आणि ती बिचारी उभ्या जन्मात एक थाप न मारलेली बाई. तो म्हणायचा, "घरात एक थापाड्या पुरतो. दोघं झाले तर दूध उतू जातंय हे कोण खरं सांगणार?"

पण क्रेनवर बसला की माणूस सोन्यासारखा. ट्रकएवढी पेटी जहाजातून उचलून तो धक्क्यावर अशी ठेवायचा, की खालच्या माणसाला कळायचं नाही, ती टेकली कधी. सकाळी शिडी चढून एकदा केबिनमध्ये शिरला की जेवणाच्या भोंग्यापर्यंत खाली उतरायचा नाही. तिथे काचेची जमीन, काचेच्या भिंती, दोन दांडे, एक खुर्ची, आणि खुर्चीमागे एक बाटली. ती बाटली कशासाठी, हे क्रेनवाल्यांना सांगावं लागत नाही, आणि इतरांनी विचारू नये. खाली साहेब ओरडायचे, मुकादम शिव्या घालायचा, बायकांची, पोरांची, भाड्याची रडगाणी चालायची. वर फक्त वारा आणि तो. "खालची माणसं मला टाचणीएवढी दिसतात," तो सांगायचा, "आणि खरं सांगू का, तेवढीच असतात ती."

त्याला आयुष्यात भीती एकाच गोष्टीची होती. कधीतरी आपल्याला खाली बसवतील याची.

क्रेनवाल्यांचे दोन नियम असतात, ते सगळ्यांनी समजून घ्यावेत, कारण त्यांच्यावाचून पुढचं कळायचं नाही. पहिला, लोड, म्हणजे हुकाला लावलेलं ओझं, हवेत टांगलेला ठेवून कुणी उठायचं नाही. भूक लागो, भोंगा होवो, बाप मेल्याचा निरोप येवो, आधी लोड खाली टेकवायचा, मग काय रडायचं ते रडायचं. दुसरा नियम इशाऱ्यांचा. खाली उभा राहून हातांनी इशारे करणारा एकच माणूस असतो, आणि क्रेनवाल्याने त्याचंच ऐकायचं. चार नंबरला हा माणूस म्हणजे हातवारे. हेही आडनाव नव्हे. दिवसभर हातांनी बोलून त्याच्या तोंडाची सवय गेली होती. घरी बायकोने भाजी हवी का विचारलं, तरी तो पंजा हलवायचा. तर ऐकायचं ते हातवारेचंच. पण एक इशारा असा आहे, की तो कुणीही करावा, झाडूवाल्याने करावा, वाट चुकलेल्या पोस्टमनने करावा, क्रेनवाल्याने जागच्या जागी थांबलंच पाहिजे. तो इशारा म्हणजे थांब. हात वर, पंजा उघडा. बस्स.

क्रेनवाल्यांची दर वर्षी तपासणी होते. डोळे, कान, रक्त. त्या वर्षी रक्तात कसला तरी आकडा वाढलेला निघाला. मग मोठ्या इस्पितळात पाठवलं, मशिनीत घातलं, नको त्या वाटेने सुई घालून तुकडे काढले. लोणकढे बाहेर आला तो एक हात पाठीमागे धरून, आणि बायकोला म्हणाला, "अगं, आजवर सरकारनेच माझी मारली होती, आता डॉक्टरांनीपण."

"लाज वाटते का?" वहिनी म्हणाली, पण हसली.

ते त्यांचं शेवटचं मोकळं हसणं, असं म्हटलं तर फार होईल. पण जवळजवळ.

सर्जनची खोली पांढरी होती. भिंतीवर पुरुषाच्या पोटाचं रंगीत चित्र, अर्धं कापलेलं, आणि चित्रातल्या माणसाला मुंडकं नव्हतं. सर्जन तरुण, बोलायला गोड. त्याने बोटाने दाखवलं, ही मूत्राशयाची पिशवी, ही तिच्याखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेटची ग्रंथी, आणि हा इथे कॅन्सर. तिळाएवढा.

"कॅन्सर" म्हटल्याबरोबर लोणकढेच्या कानांत जे सुरू झालं, ते वरच्या वाऱ्यासारखं होतं. पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं. लहान आहे. हळू वाढणारा आहे. काहीजणांचा जन्मभर तेवढाच राहतो, ते दुसऱ्याच कशाने तरी जातात. त्यामुळे वाट बघता येते, दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, नजर ठेवायची, वाढला तर हात घालायचा. नाहीतर किरणांचा उपचार आहे. नाहीतर ऑपरेशन, ग्रंथी पूर्ण काढायची. ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा काही दिवस जातो, बहुतेकांचा परत येतो, काहींचा पूर्ण येत नाही. आणि ते दुसरंही, नवराबायकोचं, तेही कमी होऊ शकतं.

"घाई काही नाही," सर्जन म्हणाला. "घरी जा, विचार करा, आणखी कुणाला दाखवायचं तर दाखवा. तुमच्या जागी मी वाट बघण्याचा विचार आधी केला असता."

"म्हणजे तो आत तसाच राहणार?"

"नजरेखाली राहील."

"टांगलेला."

"काय म्हणालात?"

लोणकढेच्या डोळ्यांपुढे एक पेटी आली होती, ट्रकएवढी, हवेत, दोरावर हळूहळू गिरक्या घेणारी. आणि हा देखणा सर्जन त्याला सांगत होता, की ती तशीच ठेवून घरी जा, जेवा, झोपा, मधूनमधून खिडकीतून बघत जा. तीस वर्षांत असा माणूस बंदरावर असता तर त्याला पहिल्याच दिवशी गेटाबाहेर काढला असता.

"काढून टाका," तो म्हणाला.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून वहिनीने हात वर केला. पंजा उघडा. तिला क्रेनचे नियम माहीत नव्हते. बाई गोंधळली की करते तसा तिने केला होता. "अहो, थांबा ना जरा," ती म्हणाली. "ते म्हणतायत वाट बघता येते. आपण घरी जाऊन..."

त्याला तो पंजा दिसला. चांगला स्पष्ट दिसला. पण बंदरावर जो इशारा त्याने झाडूवाल्याचा मानला होता, तो इथे बायकोचा मानला नाही.

"घरी जाऊन काय करू? पोटात लोड टांगून बसू?" तो म्हणाला. "डॉक्टर, काढा. लवकर काढा. मला वर जायचंय."

"वर?" सर्जन दचकला.

"क्रेनवर हो! इतक्यात त्या वरती नाही."

सर्जन हसला. वहिनीने हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने तो दाबून धरला.

ऑपरेशन फार छान झालं, असं सगळेच म्हणाले. भूल देणाऱ्या बाईला लोणकढेने झोप लागेपर्यंत काड्यापेटीची गोष्ट सांगितली, आणि मुकादमाच्या मिशीपर्यंत येण्याआधी तो झोपला. जागा झाला तेव्हा त्याच्यातून एक नळी बाहेर आली होती आणि पलंगाच्या कडेला एक पिशवी लटकत होती. हातवारे भेटायला आला. त्याने पिशवीकडे बघितलं, मग अंगठा खाली करून हात हळूहळू खाली नेला. म्हणजे, सावकाश टेकव.

"बघ मुक्या," लोणकढे म्हणाला, "राजेलोकांनासुद्धा मोरीपर्यंत चालत जावं लागतं. माझं बघ, पडल्यापडल्या."

वॉर्डातले चौघे हसले. लोणकढेही हसला, आणि टाक्यांतून अशी कळ गेली, की त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. हसू महाग पडणार, हे त्याला तिथेच कळायला हवं होतं.

पुढे काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीचा अहवाल आला. सर्जनला कोण आनंद. "अगदी उत्तम! लहानसा होता, कडा स्वच्छ, बाहेर कुठे गेलेला नाही. खरं सांगायचं तर इतका सुस्त होता, की अजून कितीतरी वर्षं त्याने काही केलंही नसतं."

लोणकढेने मान डोलावली. वहिनीने नमस्कार केला. दोघं बाहेर आले आणि बसथांब्याच्या बाकावर बसले. एक बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. नळीला जोडलेली पिशवी त्याने पॅन्टच्या आत मांडीला बांधली होती, ती कोमट होत चालल्याचं त्याला जाणवत होतं.

"चांगलंच झालं की," तो म्हणाला.

"हो," वहिनी म्हणाली.

आता इथे दुसरी एखादी बाई असती तर म्हणाली असती, की मी सांगत होते. लोणकढे त्या एका वाक्याची वाट बघत बसला. ते आलं असतं तर त्याला भांडता आलं असतं, ओरडता आलं असतं, कदाचित रडताही आलं असतं. तिने नुसता पुढच्या बसला हात दाखवला.

नळी काढली त्या दिवशी नर्स म्हणाली, "काका, आता सुरुवातीला थोडं गळेल हं." थोडं! तो पलंगावरून उठला आणि पायांतून चपलेत आणि चपलेतून फरशीवर. धरण फुटलं, असं तो पुढे हसवायला म्हणायचा. तेव्हा तो फरशीकडे बघत उभा राहिला, आणि ते थांबवणारा कुठलाच दांडा त्याच्या अंगात सापडेना.

मग पॅड आली. मोठ्या माणसांची, मऊ, पांढरी. दुकानात ती लहान मुलांच्या पावडरीशेजारी ठेवलेली असतात. पहिल्यांदा आणायला गेला तेव्हा त्याने दुकानदाराला सांगितलं, की घरी नव्वदीची आई आहे. दुसऱ्यांदा गेला तर दुकानदार म्हणाला, "आईची तब्येत कशी आहे?" तिसऱ्या खेपेला दुकानदाराने आईसाठी हवा भरायची गादी दाखवली, आणि ती त्याला घ्यावी लागली. गादी अजून माळ्यावर आहे. आई जाऊन जमाना झाला.

व्यायाम सांगितले होते. आतल्या आत आवळायचं, धरायचं, सोडायचं. तो जेवताना आवळायचा, पेपर वाचताना आवळायचा, कुणी बोलायला आलं तरी आवळतच बसायचा, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर कायमचा एक भाव आला, कुणीतरी गुप्त बातमी सांगितल्यासारखा. बसून राहिला तर कोरडा राहायचा. उठला की गळायचं. खोकला आला की, शिंक आली की, बादली उचलली की. आणि हसलं की. सगळ्यात जास्त हसलं की.

हा मार त्याने हिशेबात धरलाच नव्हता. लघवी ऐकत नाही, ठीक आहे, हात ऐकेनासे झालेले क्रेनवालेही त्याने पाहिले होते. पण आपली थाप रंगात आली, समोरचे पोट धरून लोळायला लागले, आणि आपण मात्र ओठ घट्ट मिटून, मांड्या आवळून, मेलेल्या माशासारखे बसलोय! गावभर हसवत फिरणाऱ्या माणसाला देवाने द्यावी तर ही शिक्षा. वहिनीने ते ओळखलं. तिने घरात हसणंच बंद केलं. रेडिओवर विनोदी कार्यक्रम लागला की ती उठून बटण फिरवायची, आणि त्याला ती बटण फिरवताना दिसली की वाटायचं, आपल्याला हिने असं हळूच पुरायला घेतलंय.

दुसऱ्या गोष्टीबद्दल फार बोलायचं कारण नाही. एका रविवारी दुपारी, वारा गार होता, पडदा हलत होता, दोघांनी प्रयत्न केला. काही झालं नाही. नको ते मात्र झालं. वहिनीने चादर काढली, घडी केली, दुसरी आणली. "असू दे हो," ती म्हणाली. "आपलं काय आता वय राहिलंय." तिला खरंच तसं वाटत होतं की नाही, हे त्याला ठरवता येईना. थापाड्याला दुसऱ्याची थाप ओळखू येते म्हणतात. पण तिने कधी मारलेलीच नव्हती, तर ताडून बघणार कशावरून? त्या दिवसापासून ती बाहेरच्या खोलीत पाठ टेकायला लागली. कारण सांगितलं, की आत पंखा आवाज करतो.

या सगळ्यातून त्याने एकच गोष्ट धरून ठेवली होती. वर जायचं. एकदा वर गेलो, खुर्चीत बसलो, की सगळं आपोआप जागेवर येईल. बसल्यावर तर तो कोरडाच असायचा ना! प्रश्न होता तो फक्त शिडीचा.

साहेबांनी परवानगी दिली. सकाळी आभाळ लख्ख होतं, ढगाचं नाव नाही. लोणकढेने दोन पॅड घातली, वरून गडद रंगाची पॅन्ट. चार नंबरखाली सगळे जमले होते. मुकादमाने पाठीवर थाप मारली, तर आवळायला उशीर झाला आणि पहिला हप्ता तिथेच गेला. हातवारे नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला, मान वर करून, हात तयार ठेवून. लोड नव्हता, काम नव्हतं, तरी उभा राहिला.

लोणकढे चढू लागला. शिडीच्या प्रत्येक पायरीला मांडी उचलायची, पोटाने जोर लावायचा, अंग वर ओढायचं. प्रत्येक पायरी त्याच्याकडून काहीतरी घेत होती. पहिल्या टप्प्यावर त्याने श्वास घेतला. दुसऱ्या टप्प्याशी पॅड जड होऊन लोंबू लागली. त्याने वर बघितलं, केबिनची काच उन्हात चमकत होती. त्याने खाली बघितलं नाही. आणखी चढला. मग मांडीच्या आतून ऊन धार सुटली, गुडघ्यापाशी आली, घोट्यापाशी आली, बुटाच्या काठावरून निसटली.

खाली हातवारेच्या हेल्मेटवर टप्पकन थेंब पडला. मग दुसरा, गालावर.

हातवारेने आभाळाकडे बघितलं. निळं. मग शिडीवरच्या माणसाकडे बघितलं.

"पाणी कुठून आलं रे?" मागून कुणीतरी विचारलं.

आणि हातवारे, जो आठवड्यातून दोन शब्द बोलायचा, तो म्हणाला, "तेल आहे. वरचं सील गेलंय. सरका सगळे मागे. सरका." सगळे मागे सरकले. मग त्याने खिशातलं फडकं काढून गाल पुसला, दोन्ही हात उचलले, आणि अंगठा खाली करून हात सावकाश खाली आणला.

लोणकढेने आयुष्यभर त्या हातांचं ऐकलं होतं. त्याने ऐकलं. एक पायरी खाली, दुसरी खाली. उतरून तो कुणाशी न बोलता शेडमागे गेला. हातवारे त्याच्यामागून गेला आणि त्याने आपला कामाचा लांब कोट त्याच्या अंगावर टाकला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

त्याला हेल्मेटांच्या खोलीत बसवलं. गेटाशी एक बुटकी खोली, तिला खिडकी अशी, की बाहेरच्यांचे फक्त गुडघे दिसावेत. आलेल्याला हेल्मेट द्यायचं, जाणाऱ्याचं घ्यायचं, आतून फडक्याने पुसायचं. आता टाचणीएवढा तो होता. चार नंबरवर एक पोरसवदा बाई आली होती, म्हणे हात फार हलका आहे तिचा. तो तिलाही हेल्मेट द्यायचा. वर्ष गेलं, वर आणखी काही महिने गेले. सर्जन आधी म्हणायचा, वेळ लागतो. मग म्हणायचा, आणखी एक ऑपरेशन करता येईल, बघा. मग "बघा" म्हणणंही त्याने सोडून दिलं आणि नुसतं रक्त बघू लागला. रक्त अगदी स्वच्छ होतं. माणूस बरा झाला होता.

अशाच एका तपासणीला दोघं गेले होते. बाहेरच्या लांब खोलीत भिंतीला लागून खुर्च्या, खुर्च्यांवर पुरुष, आणि प्रत्येक पुरुषाशेजारी त्याची बायको किंवा त्याची रिकामी खुर्ची. लोणकढे आपल्या रोजच्या सवयीप्रमाणे दाराजवळची, मोरीच्या वाटेवरची जागा धरून बसला. नर्स आली आणि वाकून म्हणाली, "काका, ते कोपऱ्यातले आहेत ना, फार घाबरलेत. आज त्यांना ठरवायचंय. तुम्ही छान बोलता, जरा धीर द्या ना."

कोपऱ्यातला माणूस न्हावी होता. बोटं लांब, नखं स्वच्छ, कानामागे सवयीने अडकवलेला कंगवा, जो तो इथेही काढायला विसरला होता. एकटाच आला होता. तो उठून लोणकढेच्या शेजारी येऊन बसला.

"माझा लहान आहे म्हणतात," न्हावी म्हणाला. "तिळाएवढा. वाट बघता येईल म्हणतात. पण दादा, झोप लागत नाही हो. आरशासमोर दिवसभर उभा असतो, गिऱ्हाईकाच्या गळ्यावर वस्तरा असतो, आणि डोक्यात हेच. वाटतं, काढून टाकावा आणि मोकळं व्हावं. पण नंतरचं ऐकून हातपाय गळतात. तुमचं झालंय ना? तुम्ही खरंखरं सांगा. तुम्ही सांगाल तसं करतो."

लोणकढेने तोंड उघडलं. खरं अगदी दातांपर्यंत आलं होतं. नको करूस, अजिबात नको करूस, घरी जा, हात वर करेल त्याचं ऐक. पण तेवढ्यात त्याला जाणवलं, की खोलीतल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या आहेत. असं त्याच्याकडे कुणी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. हेल्मेट घेणारे बघत नाहीत. आणि खरं बोलायचं म्हणजे ते आधी स्वतःच्या कानांनी ऐकावं लागणार होतं.

"तुम्हाला खोटं वाटेल," तो म्हणाला.

शेजारी वहिनीने पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला.

"मी क्रेन चालवतो. दहा मजले उंच. ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, महिनाभर पडून राहा. मी म्हटलं, बंदर कोण चालवणार, तुम्ही? नळी असतानाच गेलो वर! पिशवी लावली हुकाला. भरली, की दांडा ओढायचा, हुक समुद्रावर न्यायचा, रिकामी करायची, परत आणायची. खाली बोटीवरचा कप्तान छत्री उघडून ओरडतोय, पाऊस आला, शिडं उतरवा!"

खोली हसली. एक म्हातारा हसता हसता उठून मोरीकडे पळाला, त्यावर आणखी हसली. लोणकढेने मांड्या आवळल्या. त्याचा आवाज चढला. त्याने वारा सांगितला, काचेची जमीन सांगितली, कालच जहाजातून उतरवलेली पेटी सांगितली, ती टेकली तरी कुणाला कळली नाही ते सांगितलं. बोलता बोलता तो खरोखरच वर होता. खालची माणसं टाचणीएवढी होती, त्याच्या हातात दोन दांडे होते, आणि त्याच्या अंगातलं सगळं त्याच्या हुकमात होतं. न्हाव्याचा चेहरा सैल होत गेला.

"म्हणजे... गळत वगैरे नाही?"

"गळायला मी काय माठ आहे?"

"आणि..." न्हावी जवळ सरकला, कानाशी आला. "घरचं? म्हणजे, नवराबायकोचं?"

लोणकढेने डोळा मारला. "उलट सुटसुटीत झालं. विचारा की हिला."

न्हावी लाजला. त्याने काही विचारलं नाही. तो उठला, शर्ट खाली ओढला, कानामागचा कंगवा हाताला लागला तसा काढून खिशात घातला. "देव भेटला बघा तुमच्या रूपाने," तो म्हणाला. "ठरलं. आत जाऊन सांगतो, काढून टाका म्हणून." आणि सर्जनच्या दाराकडे चालू लागला.

लोणकढे त्याच्या पाठीकडे बघत होता. दार चार पावलांवर होतं. त्याला हाक मारायची होती. तोंड उघडंच होतं, पण त्यातून दुसरी थाप सोडून काही निघेल याची त्याला खात्री वाटेना. न्हाव्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"भाऊ," वहिनी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण खोलीतलं हसू जागच्या जागी विरलं. न्हावी वळला. ती उभी राहिली होती, आणि नवऱ्याकडे बघत नव्हती.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. "हे वर गेलेलेच नाहीत. सगळं खोटं आहे. यांचं धुणं मी धुते."